कार्ट्रिज की डाउनलोड? आधी डबीत काय आहे ते बघा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी नेमकं कशाचं उत्तर देतोय ते कळेल. घरात नुकताच स्विच २, म्हणजे निन्टेन्डोचा गेम खेळायचा नवा कन्सोल, आला आहे. मुलगी नऊ वर्षांची आहे. नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडून, कॅसेट घालून तुम्ही जे खेळलात ते मारिओ, कॉन्ट्रा, निंजा टर्टल्स, मेगा मॅन आता नव्या वेष्टनात परत विकले जातायत आणि ते तुम्हाला तिच्याबरोबर खेळायचेत. डिसेंबरात अमेरिकेहून दीर येतोय. त्याला कार्ट्रिजची, म्हणजे कन्सोलमध्ये घालायच्या गेमच्या कार्डांची यादी द्यावी, की इथे बसून सगळं डाउनलोड करावं? शिवाय ‘पैसे एकदाच घालवायचे आहेत’ असंही तुम्ही लिहिलंय. उत्तर ठरवणारं वाक्य तेच आहे.

मी पुण्यात कन्सोल दुरुस्त करतो आणि सेकंडहँड गेम्सची देवघेव करतो. म्हणजे लोक कार्ट्रिज घेतात तेव्हाच माझं पोट भरतं, डाउनलोडवर मला एक रुपया मिळत नाही. हे लक्षात ठेवूनच पुढचं वाचा. तरीही सगळं कार्ट्रिजवरच घ्या असं मी सांगणार नाही, कारण पुन्हा निघालेल्या जुन्या गेम्सच्या बाबतीत ते बऱ्याचदा खोटं ठरतं.

खरी अडचण प्लास्टिक की इंटरनेट ही नाहीच. दुकानात मिळणाऱ्या डबीत पूर्ण गेम असतो की नसतो, ही आहे. ही डबी आहेराच्या पाकिटासारखी झाली आहे, बाहेरून सगळ्या सारख्या आणि आत किती आहे ते उघडल्यावर कळणार. आज स्विच आणि स्विच २ साठी जे विकलं जातं त्यात चार प्रकार दिसतात. पहिल्यात अख्खा गेम कार्डावर असतो. दुसऱ्यात थोडा कार्डावर आणि उरलेला उतरवून घ्यावा लागतो. तिसऱ्यात डबीत कार्डच नसतं, कागदावर एक कोड छापलेला असतो. चौथा प्रकार स्विच २ बरोबर २०२५ साली आला, तो गेम-की कार्डचा. हे कार्ड दिसायला कार्डच, पण त्यावर गेम नसतो, फक्त परवाना असतो. पहिल्यांदा घातलं की इंटरनेटवरून पूर्ण गेम उतरवायचा, आणि नंतरही दर वेळी खेळताना कार्ड आत असायलाच हवं. म्हणजे यंत्रातली जागाही खर्ची पडते आणि कार्ड बदलायची कटकटही राहते. जपानच्या नॅशनल डाएट लायब्ररीने, म्हणजे तिथल्या संसदेच्या ग्रंथालयाने, २०२५ मध्ये सांगितलं की नुसतं की-कार्ड म्हणजे आशय नव्हे, त्यामुळे ते आमच्या संग्रहात बसत नाही. माझंही मत तेच आहे. एक गोष्ट मात्र त्याच्या बाजूने मान्य करायला हवी. की-कार्ड दुसऱ्याला देता येतं, विकता येतं. कोडाचा कागद एकदा वापरला की रद्दी.

असं का करतात? कार्ड जितक्या जास्त क्षमतेचं, तितकं प्रकाशकाला महाग पडतं. सायबरपंक २०७७ सारखा प्रचंड गेम ६४ जीबीच्या कार्डावर पूर्ण दिला गेला आणि त्याचं कौतुक झालं. स्ट्रीट फायटर ६ की-कार्डवर आला. अशा मोठ्या गेम्सबाबत खर्चाचं कारण निदान समजू शकतं. पण तुम्ही विचारताय त्या गेम्सचा आकार बघा. मूळ सुपर मारिओ ब्रदर्स ४० किलोबाइटचा होता. मोबाइलवर काढलेला एक फोटो त्याहून कितीतरी मोठा असतो. निन्टेन्डो ६४ या जुन्या कन्सोलची सगळ्यात मोठी कार्ट्रिज ६४ मेगाबाइटची. तरीही २०१८ साली स्विचवर मेगा मॅन लेगसी कलेक्शन १ + २ आलं, तेव्हा कार्डावर फक्त पहिला संच होता आणि दुसऱ्यासाठी डबीत कोड. त्यामुळे ‘जुने गेम छोटे, म्हणजे कार्डावर असणारच’ हा अंदाज करू नका.

आता तुमच्या यादीकडे येतो, कारण प्रत्येक गेमचं उत्तर वेगळं आहे.

निंजा टर्टल्ससाठी द काउबंगा कलेक्शन हे नाव दिराला सांगा, आणि ते कार्ट्रिजवरच घ्या. २०२२ साली कोनामीने काढलं, १३ गेम्स आहेत, आर्केडपासून (नाणं टाकून खेळायच्या यंत्रांपासून) हातात धरायच्या गेमबॉयपर्यंतचे, आणि सगळे कार्डावर आहेत. इथे कार्ट्रिजचा आग्रह धरायला एक खास कारण आहे. टर्टल्ससारख्या गेममध्ये गेम बनवणारा एक, पात्रांचा मालक दुसरा. करार संपला की गेम दुकानातून उचलला जातो. टर्टल्स इन टाइमची री-शेल्ड नावाची नवी आवृत्ती २००९ मध्ये फक्त डाउनलोड म्हणून आली आणि २०११ मध्ये विक्रीतून गेली. ज्यांनी त्या दोन वर्षांत घेतली नाही त्यांना ती सरळ मार्गाने कधीच मिळाली नाही, कारण सेकंडहँड म्हणून शोधायला डबीच निघाली नव्हती.

रविवारी दूरदर्शनवर डकटेल्स बघितलेल्या पिढीतल्या तुम्ही असाल, तर याचंच आणखी एक उदाहरण सांगतो. डकटेल्स रीमास्टर्ड, म्हणजे जुन्या गेमची नव्याने सजवलेली आवृत्ती, २०१३ मध्ये आला. ऑगस्ट २०१९ मध्ये तो ऑनलाइन दुकानांतून काढला गेला आणि २०२० मध्ये परत आला. गंमत म्हणजे प्लेस्टेशन ३ साठी आधी जी डबी निघाली तिच्यात डिस्क नव्हती, कोड होता. खरी डिस्क काही महिन्यांनी आली. त्यामुळे आजही कोणी ‘सीलबंद डकटेल्स’ विकायला काढला की मी आधी विचारतो, आत नक्की काय आहे?

सिनेमा, कार्टून, गाडीची कंपनी, खेळाडू किंवा गाजलेली गाणी ज्या गेममध्ये आहेत तो गेम परवान्यावर जगतो. असा गेम पुन्हा निघाला आणि पूर्ण कार्डावर मिळत असला, तर थांबू नका. स्कॉट पिल्ग्रिम या कॉमिकवरचा गेम २०१४ च्या अखेरीस गायब झाला तो २०२१ च्या जानेवारीत परत आला. सहा वर्षांत तुमची मुलगी पंधराची होईल.

कॉन्ट्राचं गणित वेगळं. कॉन्ट्रा अॅनिव्हर्सरी कलेक्शन २०१९ मध्ये डाउनलोड म्हणूनच आलं. नंतर मर्यादित प्रती काढणाऱ्या प्रकाशकाने त्याची कार्ट्रिज काढली, पण अशा प्रती संपल्या की सेकंडहँड बाजारात भाव चढतात. पात्रं कोनामीच्या स्वतःच्या मालकीची, त्यामुळे ते एकाएकी नाहीसं होण्याची भीती कमी. मूळ किंमतच १९.९९ डॉलर होती, आणि सेलमध्ये हे संच अनेकदा निम्म्याच्याही खाली येतात. सेलची वाट बघा आणि डाउनलोड करा. कार्डासाठी चौपट पैसे मोजणं हा संग्राहकाचा छंद आहे. छंद असेल तर जरूर करा, पण ते ‘पैसे एकदाच’ यात बसत नाही.

मेगा मॅनबद्दल वर लिहिलंच आहे. अर्धा गेम कार्डावर आणि अर्धा कोडात असेल तर मी डाउनलोडच सुचवतो. सेकंडहँड घ्यायला गेलात तर कोड हमखास वापरलेला असतो, आणि विकणाऱ्याला ते ठाऊकही नसतं. माझ्याकडे अशी कार्डं घेऊन येणाऱ्यांना मी पहिल्या संचापुरतेच पैसे देतो. त्यावर वाद होतात.

आणि मारिओ. इथे तुमच्या प्रश्नातले दोन्ही पर्याय कमी पडतात. ज्या मूळ मारिओवर आपण वाढलो तो स्विचवर सुटा विकतच मिळत नाही. तो निन्टेन्डो स्विच ऑनलाइन या वर्गणीत येतो. तिची साधी वैयक्तिक वर्गणी अमेरिकेत वर्षाला १९.९९ डॉलर आहे, निन्टेन्डो ६४ वगैरे हवं असेल तर ४९.९९ ची वरची पायरी. वर्गणी थांबली की गेम बंद. शिवाय निदान सात दिवसांतून एकदा कन्सोल इंटरनेटला जोडावा लागतो. गावी रेंज नसलेल्या घरात मे महिना काढणार असाल तर हे लक्षात ठेवा. आर्केडमधला व्हीएस. सुपर मारिओ ब्रदर्स मात्र सुटा विकत मिळतो, डाउनलोड म्हणून. तो घरच्या मारिओपेक्षा बराच अवघड आहे, नऊ वर्षांच्या मुलीची पहिली ओळख त्याने करून देऊ नका.

नंतरच्या मारिओंमध्ये सुपर मारिओ ३डी ऑल-स्टार्स हा संच आहे, मारिओ ६४, सनशाइन आणि गॅलॅक्सी एकाच कार्डावर. सप्टेंबर २०२० मध्ये आला आणि ३१ मार्च २०२१ ला कंपनीने ठरवून विक्री बंद केली. डाउनलोडचीही. परवान्याचा काही प्रश्न नव्हता, सगळं निन्टेन्डोचंच. ज्यांनी तेव्हा डाउनलोड घेतला त्यांना तो आजही पुन्हा उतरवता येतो. नव्याने हवा असेल तर कार्ट्रिज हाच एक मार्ग उरला आहे, आणि तोही दुकानात शिल्लक राहिलेला किंवा सेकंडहँड. पुढे ऑक्टोबर २०२५ मध्ये गॅलॅक्सीचे दोन्ही भाग स्विचसाठी एकत्र निघाले. त्यामुळे फक्त गॅलॅक्सी हवा असेल तर जुन्या संचामागे धावायची गरज नाही.

आता ‘एकदाच’ या शब्दाकडे. डाउनलोडबद्दलची भीती अर्धी खरी आहे. वी या निन्टेन्डोच्या जुन्या कन्सोलचं ऑनलाइन दुकान ३० जानेवारी २०१९ ला बंद झालं. ३डीएस आणि वी यू या नंतरच्या यंत्रांचं २७ मार्च २०२३ ला. नवी खरेदी संपली, पण आधी घेतलेले ३डीएस आणि वी यूचे गेम अजून उतरवता येतात. खरा तोटा वेगळाच झाला. त्या दुकानांतून घेतलेला जुना मारिओ स्विचवर आलाच नाही, पैसे त्या त्या यंत्रातच अडकले. स्विचवरून स्विच २ वर मात्र खरेदी अकाउंटबरोबर पुढे आली. तिसऱ्या यंत्रावरही येईल का, याचं वचन मी देऊ शकत नाही. कॅलिफोर्नियाने २०२५ पासून कायदाच लागू केला की डिजिटल वस्तूवर ‘विकत घ्या’ असं लिहायचं असेल तर ग्राहकाला फक्त परवाना मिळतो हेही स्पष्ट सांगावं लागेल.

कार्ट्रिजवाल्यांचा ‘कायमचं आपलं’ हा दावाही तपासून घ्या. कार्डावर असते ती छपाईच्या दिवशीची आवृत्ती. जीटीएचा (ग्रँड थेफ्ट ऑटो) तीन गेम्सचा रीमास्टर संच २०२१ मध्ये इतका सदोष निघाला की बरीचशी दुरुस्ती २०२४ च्या नोव्हेंबरातल्या अपडेटपर्यंत होत राहिली, आणि अपडेट इंटरनेटवरूनच येतं. उद्या सर्व्हर बंद झाले तर कार्डवाल्याच्या हातात तो पहिला सदोष गेम उरतो. म्हणून माझी सवय अशी की रीमास्टर आल्या आल्या घ्यायचा नाही. पहिली दोन-तीन अपडेट होऊ द्यायची, लोकांच्या तक्रारी वाचायच्या. पुन्हा छपाई होते तेव्हा कधी कधी दुरुस्त आवृत्तीच कार्डावर येते. डझ इट प्ले नावाचा हौशी लोकांचा एक गट आहे. ते डिस्क आणि कार्डं इंटरनेट तोडून चालवून बघतात आणि कोणता गेम खरोखर पूर्ण आहे ते जाहीर करतात. दिराला यादी पाठवण्याआधी प्रत्येक नाव तिथे तपासा.

आणखी एक फरक जुन्या पिढीला चकवतो. पूर्वी आपली प्रगती कॅसेटमध्ये साठायची, आत गोल बॅटरी असायची. ती मेली की जतन केलेला खेळ गेला. आजही गेमबॉयची पोकेमॉन कार्ट्रिज माझ्याकडे याच तक्रारीने येतात. नवी बॅटरी डाग देऊन बसवता येते, पण जुना खेळ परत येत नाही. स्विचच्या कार्डात मात्र काहीच साठत नाही, सगळं यंत्रात जातं. म्हणजे कार्ड मैत्रिणीला दिलं तरी मुलीची प्रगती घरातच राहते. उलट यंत्र बिघडलं तर कार्ड हातात असूनही खेळ पहिल्यापासून. वर्गणी असेल तर बहुतेक गेम्सची प्रगती क्लाउडवर जाते. सगळ्यांची नाही.

देणं-घेणं हा तुमच्या घरासाठी मोठा मुद्दा ठरू शकतो. सोसायटीत आणखी चार मुलांकडे स्विच असेल तर कार्ट्रिजचा खर्च वाटला जातो आणि मन भरलं की विकताही येतं. निन्टेन्डोचे स्वतःचे गेम सेकंडहँड बाजारात किंमत चांगली धरून ठेवतात. डाउनलोडमध्येही २०२५ पासून व्हर्च्युअल गेम कार्डची, म्हणजे डाउनलोड केलेला गेम दुसऱ्याला वापरायला देण्याची सोय आहे, पण ती कुटुंबाच्या गटातल्या माणसालाच, एका वेळी दोन आठवड्यांसाठी. शेजारच्या मुलाला नाही.

सेकंडहँड घेताना मात्र एक नवी जोखीम आली आहे. स्विचच्या प्रत्येक कार्डाला स्वतःची ओळख असते. आधीच्या मालकाने त्याची नक्कल काढून वापरली असेल आणि तीच ओळख दोन ठिकाणी ऑनलाइन दिसली, तर कंपनी तुमच्या यंत्राची ऑनलाइन सेवा बंद करू शकते. अशा बातम्या २०२५ मध्ये आल्या. खरेदीचा पुरावा दाखवल्यावर बंदी उठल्याचंही वाचलं. म्हणून ओळखीच्या दुकानातून घ्या, बिल आणि विकणाऱ्याशी झालेले मेसेज जपून ठेवा. बिल द्यायला कुरकुर करणाऱ्याकडून घेऊ नका.

आता आपल्याकडची व्यावहारिक बाजू, कारण अमेरिकेतल्या लोकांना दिलेला सल्ला इथे जसाच्या तसा चालत नाही. निन्टेन्डोचं भारतासाठी अधिकृत ऑनलाइन दुकान नाही. त्यामुळे आपण अकाउंट दुसऱ्या देशाचं ठेवतो आणि तिथलं गिफ्ट कार्ड भरतो, कारण आपली बँकेची कार्डं तिथे बऱ्याचदा चालत नाहीत. दीर अमेरिकेत आहे तर अकाउंट अमेरिकेचंच ठेवा. त्याला गिफ्ट कार्डाचा नंबर पाठवायला सांगितलं की झालं. नंतर देश बदलायचा असेल तर खात्यातली शिल्लक शून्य लागते. स्विचची कार्डं बहुतेक सगळ्या देशांची चालतात, ही चांगली गोष्ट. पण गेमला जोडून विकत मिळणारे जादा भाग अनेकदा कार्डाच्या देशाशी बांधलेले असतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर युरोपची प्रत स्वस्त मिळाली आणि अकाउंट अमेरिकेचं असेल, तर जादा भाग बसेलच असं नाही. सगळं एकाच देशाचं ठेवलंत तर हा घोळ होत नाही.

दीर आणणार असेल तर कार्ट्रिजचा इथला चढा भाव वाचतो, त्यामुळे तुमच्या बाबतीत पारडं माझ्या नेहमीच्या गिऱ्हाइकापेक्षा थोडं कार्ट्रिजकडे झुकतं. पण दुकानात उभं राहून त्याला डबी वाचायला लावा. की-कार्ड असेल तर पुढच्या बाजूला खालीच पट्टा असतो आणि त्यावर किल्लीचं चिन्ह. जुन्या स्विचच्या डबीवर डाउनलोड आवश्यक असल्याची सूचना छापलेली असते. यातलं काही दिसलं तर त्याने फोटो पाठवावा आणि तुम्ही ठरवावं. तुमच्या यादीतून मी त्याला टर्टल्स नक्की आणायला सांगेन, आणि ३डी ऑल-स्टार्स वाजवी भावात दिसला तर तो. बाकीचं गिफ्ट कार्डावर.

पावसाळ्यात कार्ड वाचत नाही म्हणून लोक येतात तेव्हा बहुधा कार्डाच्या धातूच्या टोकांवर मळ किंवा ओल असते. फुंकर मारायची आपली जुनी सवय सोडा, तोंडातली वाफ आत जाते. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेला कापसाचा बोळा टोकांवरून हलका फिरवा, पूर्ण वाळू द्या, मग घाला. मुलीने कार्ड चुकून तोंडात घातलं तर घाबरू नका, त्यावर मुद्दाम कडू लेप दिलेला असतो. ती स्वतःच थुंकेल.

शेवटी तुम्ही विचारलं होतं की डाउनलोड ठेवायला घरातलं जुनं मायक्रोएसडी कार्ड चालेल का. स्विच २ मध्ये गेम ठेवायला नाही चालणार. त्याला मायक्रोएसडी एक्स्प्रेस प्रकारचंच कार्ड लागतं. जुन्या कार्डावरून फक्त पूर्वीच्या स्विचवरचे फोटो आणि व्हिडिओ घेता येतात. पण आत्ता घाई करू नका. यंत्रात २५६ जीबी जागा आहे आणि तुमच्या यादीतले गेम तिचा छोटासा कोपराच घेतील. एखादा मोठा नवा गेम घ्याल तेव्हा एक्स्प्रेस कार्ड बघा.